छागल

जूनच्या पहिल्या सरीनं भोकरच्या बाजारात एका ताडपत्रीवाल्याची तारांबळ उडवली. बाहेर मांडलेले जाड कॅनव्हासचे गठ्ठे आत ओढेपर्यंत भिजले आणि ओल्या सुतळीचा, मातकट असा वास रस्ताभर पसरला. मी छत्री उघडायची सोडून तिथंच थबकलो. या वासाचं पाणी मी प्यायलोय, बालपणभर.

आमच्याकडं छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, होती तोवर कुठं जायचं म्हटलं की तयारी आदल्या रात्रीपासून. कोरडी छागल भरली तर गळते. म्हणून ती रात्रभर बादलीत बुडवायची. धागे फुगून वीण घट्ट झाली की सकाळी माठातलं पाणी ओतायचं आणि बूच ठोकायचं. आई धपाटे बांधायची, अण्णा छागल सांभाळायचे. आदिलाबादकडं जाणाऱ्या मीटरगेज गाडीत चढलं की ती खिडकीच्या गजाला बाहेरून लटकायची. कापडातून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. झळ जितकी तिखट, तितकं पाणी गार. कोकणातल्या दमट हवेत ही किमया नीट साधत नाही. ही कोरड्या मुलखाची वस्तू.

अशाच एका वैशाखात गाडी हिमायतनगरच्या पुढं, सागाच्या रानात थांबली. स्टेशन नाही, सावली नाही. पानं झडलेले साग आणि तापलेले रूळ. समोरच्या बाकावरची तांड्यावरची बाई म्हणाली, "दादा, लेकराला घोटभर पानी द्या की." अण्णांनी छागल आत ओढली. लेकरू प्यालं, बाई प्याली, मग तिच्या शेजारचा म्हातारा, मग पलीकडचे दोघं. मी हात पुढं केला तेव्हा छागल चपटी झाली होती. आई पुटपुटली, "आपल्या पोराचं काय?" अण्णा म्हणाले, "त्याच्या आत्याच्या घरी रांजण आहे की. हिला कुठं उतरायचंय, काय माहीत." किनवट येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढं हीच छागल माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढली, दत्तशिखरावर गेली. उनकेश्वरला पाय गरम झऱ्याच्या पाण्यात सोडून आम्ही तिच्यातलं गार पाणी प्यायलो. शाळेच्या सहलीत ती माझ्या खांद्यावर कंधारला आली. किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे उरलेले तुकडे, सगळं दाखवून झाल्यावर गुरुजी म्हणाले होते, राजा कसा होता ते त्याच्या तलावावरून ओळखावं. ते मला उशिरा पटलं.

पुण्यातले एक सहकारी मात्र दरवर्षी विचारायचे, "तुमच्या नांदेडकडं बघण्यासारखं आहे काय?" गुरुद्वारा त्यांना ठाऊक होता, तिथंच त्यांचा नकाशा संपायचा. मी सहस्रकुंडाच्या धबधब्याचे फोटो दाखवले तर म्हणाले, "हे विदर्भात ना?" त्यांच्यावर मी आजही डूख धरून आहे.

आता त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. सहस्रकुंडाला पैनगंगेचा एक काठ नांदेडचा, दुसरा यवतमाळचा. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडं गेला आणि हीच नदी निजामाच्या राज्याची हद्द झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पलीकडं उमरखेडला स्टेट काँग्रेसचं शिबिर होतं. अलीकडं रझाकार, पलीकडं आसरा. आमच्या शेजारच्या उमरीची बँक 30 जानेवारी 1948 ला लुटली गेली, ती याच लढ्यासाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. आज पोरं सहस्रकुंडाच्या कड्यावर सेल्फी काढतात. काढू देत. पण पाण्याकडं पाहताना मला अंधारात नदी उतरणारी माणसं दिसतात आणि सहल थोडा वेळ थांबते.

रूळ रुंद झाले, गाड्या बदलल्या, खिडकीबाहेर काही लटकवायची सोय राहिली नाही. छागल कधी, कुणी टाकली, घरात कुणाला आठवत नाही. मी लातूरला नोकरीला लागलो. दुष्काळात, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लोक ती बघायला गेले, मीही गेलो. रेल्वे आणि पाणी या जोडीत मला एकच गोष्ट आठवते, ती तिथंही आठवली: चपटी छागल, आणि अण्णांचं बोलणं. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांत कुणाच्या घरी रांजण आहे आणि कुणाच्या नाही, हे मीही पाहू लागलो.

त्या उन्हाळ्यात मी सहस्रकुंडाला गेलो. चिटपाखरू नव्हतं. वर इसापूरचं धरण. त्याचे दरवाजे बंद, तर उन्हाळ्यात इथं धबधबा नाही. उघडा काळा खडक, त्यात पाण्यानं युगानुयुगं घासून कोरलेले खळगे, एखाद्यात तळाशी हिरवट पाणी आणि त्यात बोटाएवढे मासे अडकलेले. श्रावणात फेसाखाली झाकलेलं सगळं उघडं होतं. नदी किती जोरकस आहे, हे मला ती नसताना कळलं. आम्ही मराठवाड्याची माणसं सुट्टीत कुठंही गेलो, माहूरला, कंधारला, उनकेश्वरला, तरी बघायला जातो ते पाणीच. असलेलं, नाहीतर नसलेलं.

पावसाळ्यात तिथं गर्दी करणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे: धबधबा जरूर बघा, ओल्या खडकाच्या कडेला जाऊ नका, रिकाम्या बाटल्या परत न्या. आणि एकदा एप्रिलातही या. दुपारी या. येताना पाणी घरून आणा, पण स्वतःपुरतं मोजून आणू नका.