गाभा आणि जोड

खडकवासल्याच्या धरणांतून जे कालवे निघतात त्यांचीं तोंडें भिंत बांधतांनाच ठरलेलीं असतात. पुढें शेतांत पाणी नेणाऱ्या चाऱ्या मात्र ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें काढाव्या. भिंत पुरी झाल्यावर ‘मला येथें तोंड हवें होतें’ म्हणून कोणी पहार घेऊन आला तर त्याला कोणी जवळ फिरकूं देणार नाहीं. उलट प्रत्येकाची चारी भिंतींतूनच काढून द्यावयाची म्हटलें तर भिंतच उरणार नाहीं. मूळ बांधणींत काय असावें आणि मागाहून काय जोडावें, हा प्रश्न पाटबंधाऱ्यांचाच आहे असें नाहीं. आपल्या घरांतील मुलें संगणकावर जें कांहीं वाचतात-लिहितात त्याच्या बुडाशींहि हाच वाद गेलीं वीसेक वर्षें चालला आहे, आणि त्यांत मराठी माणसाचें कांहीं अडकलेलें आहे असें आम्हांस वाटतें.

वर्तमानपत्रें, शाळा, देवस्थानें, खानावळी यांचीं संकेतस्थळें आज सहसा कोणी मुळापासून रचीत नाहीं. मजकूर साठविणारी व मांडणारी एक तयार प्रणाली घ्यावयाची आणि तींत आपला मजकूर भरावयाचा, अशी रीत आहे. २००३ सालीं मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं सुरू केलेली वर्डप्रेस ही या प्रणालींत सर्वांत अधिक पसरलेली. जगांतील दर दहा संकेतस्थळांपैकीं निदान चार तिच्यावर चालतात. २००१ सालची द्रुपल ही दुसरी. दोन्ही फुकट, आणि दोन्हींची घडण कोणींहि वाचावी, सुधारावी अशी उघडी. दोहोंतहि एक गाभा असतो, तो सर्वांस सारखाच मिळतो. ज्याला अधिक कांहीं पाहिजे त्यानें तें वरून जोडून घ्यावें. वर्डप्रेसमध्यें या जोडांना ‘प्लगिन’ म्हणतात. आम्ही जोडच म्हणूं.

गाभा लहान ठेवावा या पक्षाची बाजू लंगडी नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. एखादी सोय एकदां गाभ्यांत आली कीं तिच्यावर विसंबून हजारों जोड उभे राहतात, आणि मग ती काढणें तर राहोच, बदलणेंहि अशक्यप्राय होतें. म्हणून वर्डप्रेसवाल्यांनीं एक नियम करून ठेवला आहे: शंभरांतील ऐंशी लोकांना जी गोष्ट उपयोगी पडेल तीच गाभ्यांत यावी, बाकीच्यांनीं जोड शोधावा. मोठा बदल गाभ्यांत घेण्यापूर्वीं तो आधीं जोड म्हणून वापरून पाहावा, अशीहि त्यांची पद्धत आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रांत दुसरें काय करतात? १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या कामासाठीं निघालेली ही संस्था नद्या, बंदरें, सांडवे यांच्या लहान प्रतिकृति करते, त्यांतून पाणी सोडून पाहते, आणि मग खऱ्या नदीवर काय करावें याचा सल्ला देते. प्रतिकृतींत चूक निघाली तर फारतर चार बादल्या पाणी सांडतें. पण प्रतिकृति झाली म्हणजे भांडण टळलें असें मात्र होत नाहीं. मजकूर ‘खंडां’नीं रचण्याची नवी लेखनपाटी वर्षभराहून अधिक काळ जोड म्हणून लोकांच्या हातीं होती, तरी ६ डिसेंबर २०१८ रोजीं ती वर्डप्रेसच्या गाभ्यांत आली त्याच्या आधींच इतका गदारोळ उठला होता कीं कांहीं मंडळींनीं जुना गाभा घेऊन ‘क्लासिकप्रेस’ नांवाची वेगळी चूलच मांडली.

आमचें भांडण त्या ऐंशीच्या नियमाशीं आहे. शंभर कोणते मोजले, यावर ऐंशी कोण हें ठरतें. खडकवासल्यांतील एखाद्या वाचनालयाचें संकेतस्थळ कल्पावें. गांवच्या वाचकांसाठीं तें मराठींत पाहिजे. रविवारीं धरणावर कणसें खावयास येणाऱ्या परप्रांतीयांसाठीं, प्रबोधिनींतील देशभरच्या कुटुंबांसाठीं हिंदी किंवा इंग्रजींतहि पाहिजे. आपल्या देशांत ही हौस नव्हे, रोजची गरज आहे. येथें दुकानाची पाटीसुद्धां दोन लिपींत असते. वर्डप्रेसचीं बटणें आणि सूचना मराठींत झाल्या आहेत, तें काम मराठी स्वयंसेवकांनीं केलें, आणि त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु एकच लेख दोन भाषांत ठेवावा व त्या दोहोंचें नातें प्रणालीनें ओळखावें, ही सोय तिच्या गाभ्यांत नाहीं. तिच्यासाठीं जोड घ्यावा लागतो.

जोडाचें आयुष्य मात्र त्याच्या कर्त्याच्या उत्साहाएवढें. ‘क्यूट्रान्सलेट’ नांवाचा एक जोड एके काळीं पुष्कळांच्या वापरांत होता. तो सर्व भाषांतील मजकूर एकाच रकान्यांत, मध्यें खुणा घालून, ठेवी. मूळ कर्त्यानें त्याची देखभाल सोडली. असा जोड काढून टाकावा तर पानावर मराठी, इंग्रजी आणि त्या खुणा यांची एकत्र खिचडी दिसूं लागते. मग दुसऱ्या कोणी त्याचे वारस काढले म्हणून लोकांची अब्रू राहिली.

पण जोडानें सुटण्यासारख्या गोष्टींची ही कथा झाली. जें मूळ बांधणींतच गृहीत धरलें गेलें त्याला जोडाचा उपाय ठिगळापलीकडे जात नाहीं, याचें एक उदाहरण थोडें हिशेब मांडून सांगावयाचें आहे. वाचकांनीं कंटाळूं नये. वर्डप्रेसमध्यें प्रत्येक लेखाच्या मथळ्यापासून त्याचा पत्ता तयार होतो, आणि त्या पत्त्याच्या शब्दांसाठीं कोष्टकांत २०० खुणांची जागा राखलेली आहे. इंग्रजीच्या एका अक्षराला एक खूण पुरते. दोनशें अक्षरांचा मथळा कोण लिहितो? देवनागरीचें मात्र प्रत्येक चिन्ह त्या कोष्टकांत सांकेतिक रूपानें उतरवितात, आणि त्याला नऊ खुणा लागतात. काना, मात्रा, वेलांटी हींहि स्वतंत्र चिन्हें. म्हणजे मराठीच्या वांट्यास सारीं बावीस चिन्हें आलीं, शब्दांमधल्या रेघा वेगळ्याच. समजा, कोणी ‘खडकवासला धरणाचा जुना इतिहास’ असा साधा चार शब्दांचा मथळा दिला. पहिल्या तीन शब्दांचीं अठरा चिन्हें, म्हणजे १६२ खुणा. तीन रेघा मिळून १६५. उरलेल्या ३५ खुणांत आणखी तीनच चिन्हें बसतात. पत्ता तयार होतो तो ‘खडकवासला-धरणाचा-जुना-इति’ असा. इतिहासाची इतक्या तत्परतेनें इति करणारा दुसरा इतिहासकार आमच्या पाहण्यांत नाहीं.

हें कोणी दुष्टपणानें केलेलें नाहीं. ज्यांनीं ती रुंदी ठरविली त्यांच्या डोळ्यांपुढें इंग्रजी मथळा होता आणि त्याला दोनशें ही ऐसपैस जागा होती. तोडगे आहेत: पत्ता रोमन लिपींत लिहून देणारे जोड आहेत, आणि कोष्टकाची रुंदी स्वतः वाढविणारे धाडशीहि आहेत. पण पहिल्यांत मराठी लेखाला रोमन पाटी लावावी लागते, आणि दुसऱ्यांत गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळीं छातींत धडकी भरते.

उलट बाजूचा दाखला द्रुपलचा. २०११ सालच्या सातव्या आवृत्तींत दोन भाषांचें स्थळ चालवावयाचें तर जोडांचा ढीग गोळा करावा लागे. आठवी आवृत्ति १९ नोव्हेंबर २०१५ रोजीं निघाली, तींत भाषांचें काम गाभ्यांतच आलें: भाषा कोणत्या, बटणांचे शब्द कोणते, मजकूर कोणता, मांडणीच्या नोंदी कोणत्या, या चारींची वेगवेगळी व्यवस्था. या कामाचा पुढारी गाबोर होइत्सी हा हंगेरियन होता, हें आम्हांस योगायोगाचें वाटत नाहीं. ज्याची भाषा जगांत थोडे लोक बोलतात त्याला ऐंशींच्या बाहेर असणें म्हणजे काय हें कोणीं शिकवावें लागत नाहीं.

याची किंमतहि मोठी पडली. त्याच आवृत्तींत घडणीची पद्धतच बदलल्यामुळें जुने जोड निकामी झाले; हजारों स्थळें सातव्या आवृत्तीवरच अडून बसलीं, आणि तिची देखभाल बंद करण्याची तारीख पुनःपुन्हां पुढें ढकलीत अखेर ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली. कांहीं जण तर कंटाळून आधींच ‘बॅकड्रॉप’ नांवाचा वेगळा संसार थाटून गेले होते. गाभ्याला हात घालणें म्हणजे काय, हें यावरून दिसतें. तरीहि भाषेपुरता हा खर्च योग्य होता असेंच आम्ही म्हणूं, कारण भाषा ही चारी नव्हे. ती कालव्याचें तोंड आहे.

वर्डप्रेसच्या चालकांनीं आपल्या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत: आधीं लेखनपाटी, मग सर्व पानाची मांडणी, मग अनेकांनीं मिळून लिहिणें, आणि शेवटीं चौथा बहुभाषिकतेचा. पहिला २०१८ त पुरा झाला. हा वाद बंद दाराआड चालत नाहीं. कोणींहि त्यांत आपलें म्हणणें मांडावें व नमुना करून दाखवावा, अशी मुभा आहे. २०१६ च्या फेब्रुवारींत द्रुपलवाल्यांचें मोठें संमेलन मुंबईच्या आय. आय. टी.त भरलें होतें. संगणकाचें काम करणारीं पुण्याचीं शेंकडों मुलें दर रविवारीं खडकवासल्याच्या भिंतीपाशीं कणीस खात उभीं असतात. चौथ्या टप्प्याचा मराठी नमुना त्यांच्यापैकीं कोणी अद्याप हातीं घेतला नसेल, तर त्या बावीस चिन्हांचा हिशेब त्याला कोणीं तरी सांगावा.