१ बाद ९८

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा गुणवंतांची यादी, स्नेहसंमेलने, गुरुजनांचे ऋण असे अनेक विषय पुढे आले. त्यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आम्ही मात्र आमच्या अंगावर असलेली एक जुनी बाकी येथे नोंदवणार आहोत. तिची तारीख १३ मार्च १९९६ आहे.

त्या दिवशी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. भारत विरुद्ध श्रीलंका. आम्ही नववीत होतो. चारच दिवसांपूर्वी बंगळुरूला आपण पाकिस्तानला ३९ धावांनी हरवले होते. वेंकटेश प्रसादला चौकार मारून आमिर सोहेलने बोट दाखवले आणि पुढच्याच चेंडूवर तो त्रिफळाचीत झाला, तेव्हा त्याच्या त्या उतावळेपणाला आम्ही पोट धरून हसलो होतो. हसणाऱ्यांवरही वेळ येते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते.

वसतिगृहाच्या भोजनगृहात एक कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होता. तो पालकांच्या वर्गणीतून आलेला होता. कोणी पाच रुपये दिले होते, कोणी पन्नास. बहुतेक रक्कम कापूस वेचणीच्या मजुरीतली. दहावीच्या मुलांची परीक्षा सुरू असल्याने आवाज लहान ठेवण्याच्या अटीवर अधीक्षक सरांनी सामना पाहण्याची परवानगी दिली. सायंकाळची वंदना त्या दिवशी आम्ही इतक्या घाईने म्हटली, की त्रिशरण कोठे संपले आणि पंचशील कोठे सुरू झाले हे आमचे आम्हांस कळले नाही. भन्तेजींनी डोळे उघडून एकदा पाहिले. ते काही बोलले नाहीत.

नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतले होते. श्रीनाथच्या पहिल्याच षटकात कालुवितरणा आणि जयसूर्या दोघेही परतले, तेव्हा सामना खिशात आल्यासारखे वाटले. पण अरविंद डिसिल्व्हाने ४७ चेंडूंत ६६ धावा केल्या, महानामाने ५८ केल्या आणि श्रीलंकेची मजल ८ बाद २५१ पर्यंत गेली. तरीही सचिन तेंडुलकर खेळत असेपर्यंत आम्ही निर्धास्त होतो. सिद्धू लवकर गेला. त्यानंतर तेंडुलकर व मांजरेकर यांनी डाव सावरला. फलकावर १ बाद ९८ अशी धावसंख्या होती. निम्म्याहून अधिक षटके शिल्लक होती. आमच्यातील एकाने अंतिम सामन्याच्या दिवशी भोजनात काय असावे, याची चर्चाही सुरू केली.

मग जयसूर्याचा एक चेंडू तेंडुलकरच्या पॅडला लागून जवळच पडला. तो क्रीजबाहेर आला आणि कालुवितरणाने यष्ट्या उडवल्या. तेंडुलकर ६५. अझरुद्दीन खाते न उघडताच गोलंदाजाच्याच हाती झेल देऊन परतला. मांजरेकर त्रिफळाचीत. बढती मिळून आलेला श्रीनाथ धावचीत. जडेजा शून्य, मोंगिया एक, कपूर शून्य. ९८ वर एक गडी बाद होता, १२० वर आठ. अवघ्या २२ धावांत सात गडी!

प्रत्येक गडी बाद होताना आम्ही काय काय बोललो, ते येथे लिहिण्यासारखे नाही. घरच्या माणसाने दारूपायी शेत विकावे तसा आमचा संताप होता. "उभे तरी राहा रे!" असे आम्ही पडद्याकडे पाहून ओरडत होतो. ज्या देशाने तिपिटक प्रथम लेखनबद्ध करून जपले, म्हणून सकाळी परिपाठात ज्याचे नाव आदराने घेत असू, त्या देशालाही त्या रात्री आमच्या शिव्या चुकल्या नाहीत. आठवा गडी बाद झाला आणि सारे एकदम पुढे सरकले. कोणाची तरी लाथ टेबलाला बसली. संच खाली पडला, काच फुटली आणि भोजनगृहात अंधार दाटावा तशी शांतता पसरली. व्हरांड्यात अभ्यास करणारी दहावीची मुले वह्या हातात घेऊन दारात उभी राहिली.

त्यामुळे पुढचे आम्ही पाहिलेच नाही. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, आसने पेटवली, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉईड यांनी सामना श्रीलंकेस बहाल केला आणि नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला, हे सारे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचले. ईडन गार्डन्सवर जे घडले, तेच आमच्या भोजनगृहातही घडले होते. एवढेच की आमची बातमी छापून आली नव्हती.

अधीक्षक सरांनी लाथ कोणाची, असे विचारले. कोणी नाव सांगितले नाही. भन्तेजींना क्रिकेट फारसे कळत नसे. सायंकाळी त्यांनी आम्हांस बसवले आणि विचारले, "बाळांनो, किती चेंडू शिल्लक होते?" आम्ही हिशेब केला. ३४ षटके व एक चेंडू झाला होता, म्हणजे पंच्याण्णव. "आणि कालच्या वंदनेला किती वेळ शिल्लक होता?" एवढे विचारून ते उठले. धम्मपदात अप्पमादावर स्वतंत्र वग्ग आहे, हे आम्हांस पाठ होते. प्रमाद म्हणजे काय, ते त्या दिवशी समजले.

त्या रविवारी एका मित्राचे वडील भेटीस आले. संचाच्या वर्गणीत त्यांचेही पन्नास रुपये होते. फुटलेल्या काचेकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "कोनाले लागलं त नाही ना, पोरहो?" आम्हांपैकी एकाही मुलाला मान वर करता आली नाही. त्या उन्हाळ्यात प्रत्येकाने आपापल्या गावी मिळेल ते काम केले आणि जूनमध्ये पैसे आणून सरांच्या टेबलावर ठेवले. संच दुरुस्त झाला.

आज वाटते, त्या फलंदाजांवर आम्ही काहीसा अन्यायही केला. खेळपट्टी बिघडली होती, चेंडू हातभर वळत होता. बेजबाबदारपणा होता तशी हतबलताही होती. आमच्यापुढे मात्र कोणती खेळपट्टी वळत होती?

आता आम्ही नागपूर, पुणे, मुंबई, दुबई असे विखुरलो आहोत. आपला संघ आजही कधी चांगल्या स्थितीतून कोसळतो. तेव्हा पहिला दूरध्वनी येतो आणि पहिला प्रश्न असतो, "टीव्ही शाबूत आहे ना?"

त्या रात्री लाथ नेमकी कोणाची होती, ते आम्हांस ठाऊक आहे. परंतु ते नाव आजही आम्ही सांगणार नाही. शाळेच्या दप्तरी एवढेच नोंदवावे, की ती आम्हा सर्वांची होती.