चार मीटरच्या आतलं वेड

सेकंडहँड जर्मन गाडीच्या प्रेमात पडावं ते एक तारखेला पगार होणाऱ्यांनी. माझ्यासारख्या फ्रीलान्सरने नाही. पण प्रेम काय बँक बॅलन्स बघून होतं? गेले सहा महिने माझ्या मोबाइलवर एकच शोध चालू होता. फोक्सवॅगन पोलो, पुणे पासिंग, फर्स्ट ओनर. आईला वाटलं, मी गुपचूप स्थळं बघतेय. 'फर्स्ट ओनर' ऐकल्यावर तिचा गैरसमज दूर झाला!

पोलोच का, असं सगळ्यांनी विचारलं. एक तर ती आपली आहे. म्हणजे माहेर जर्मनी, १९७५ सालचं. पण भारतातली पोलो पक्की चाकणची. आम्ही भोसरीचे. शाळेत असताना नव्याकोऱ्या पोलो लादलेले ट्रेलर नाशिक हायवेवर दिसायचे आणि मी रिक्षातून मान वळवून वळवून बघायचे.

खरं सांगायचं तर २०१० मध्ये आलेली पहिली पोलो नुसतीच देखणी होती. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद ७५ पीएस. अंगाने पैलवान, दमाने यथातथाच. त्याच वर्षी १०५ पीएसचं १.६ लिटर पेट्रोल इंजिनही आलं. पण आपल्याकडे गाडीची खरी डिझायनर म्हणजे टॅक्सची पाटी! लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेल १५०० सीसीच्या आत, तरच छोट्या गाडीची सवलत. लांबीत पोलो बसत होती, १.६ इंजिन बसत नव्हतं.

मग २०१३ मध्ये आली जीटी टीएसआय. इंजिन फक्त ११९७ सीसी, म्हणजे नियमात अगदी फिट. ताकद मात्र तीच, १०५ पीएस! फंडा सोपा आहे. सायलेन्सरकडे वाया जाणारा धूर आधी टर्बोचा पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढायला लागतं. जोडीला सात स्पीडचा डीएसजी गिअरबॉक्स. त्यात क्लच दोन. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. त्याच वर्षी जीटी टीडीआयही आली, १.६ लिटर डिझेल घेऊन. २०१४ मध्ये तिथेही १.५ लिटरचं इंजिन बसलं. कारण? तुम्ही ओळखलंत, पुन्हा तीच पाटी.

'जीटीआय' या तीन अक्षरांची गंमत आणखी जुनी. १९७६ मध्ये विक्रीला आलेली पहिली गोल्फ जीटीआय फक्त ११० पीएसची होती. कंपनीला वाटलं होतं, पाचेक हजार खपतील. पण तरुण पोरं वेडी झाली. तिच्या सीटचं ते फेमस चौकड्यांचं कापड आणि गोल्फ बॉलसारखी गिअरची मूठ एका बाईच्या डोक्यातून निघाली. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट तिचं नाव. 'गाड्या हा मुलांचा विषय' म्हणणाऱ्यांना मी हे नाव हमखास ऐकवते.

खरी पोलो जीटीआय आपल्याकडे आली २०१६ मध्ये. १९२ पीएस, तीन दारं, शोरूम किंमत जवळपास २६ लाख, आणि आणल्या फक्त ९९! तीन दारांच्या गाडीत मागे आजीला बसवणार कसं, हा प्रश्न जर्मनांना पडला नसावा. २०२० च्या बीएस-सिक्समध्ये डिझेल गेलं, डीएसजी गेला आणि एक लिटरचं ११० पीएसचं टर्बो इंजिन आलं. २०२२ मध्ये ७०० गाड्यांच्या 'लेजंड एडिशन'ने पोलोने आपला निरोप घेतला.

म्हणून घाई होती. नवी मिळणारच नाही, चांगली जुनी दर वर्षी कमी होणार. समोर होती पाच वर्षं साठवलेली एफडी आणि दोन मतं. आई म्हणाली, "त्यात डाऊन पेमेंट होईल गं घराचं." बाबांचा प्रश्न एकच, "मायलेज किती?" आणि माझ्याकडे होत्या रात्री अकरा वाजता असाइनमेंट संपवून स्कूटीवरून केलेल्या भोसरीच्या फेऱ्या, मागून हॉर्न मारत अंगावर येणारे डंपर. मला गाडी हवी होती ती चटकन ओव्हरटेक होणारी आणि ठोकली तरी टिकणारी. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य स्टार मिळाले, दोन एअरबॅगवालीला चार. हा आकडा सांगितल्यावर आई गप्प झाली.

जुन्या गाड्यांच्या एका दुकानात सेल्समन बाबांना म्हणाला, "सर, मॅडमना ऑटोमॅटिकच दाखवू ना?" बाबा शांतपणे म्हणाले, "गाडी ती घेतेय. मला फक्त टायर बघायला आणलंय." कसले भारी बाबा आहेत ना!

शेवटी जीटीचा बिल्ला सोडला. जुन्या डीएसजीचं काम निघालं तर माझ्यासारखीला परवडणार नाही, हा साधा हिशेब. घेतली २०२१ ची एक लिटर टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. बिल्ला नाही, दम आहे. एफडी अर्धी मोडली, अर्धी आईच्या डाऊन पेमेंटसाठी ठेवली. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली, ५३ लाखांना. तिचा फोटो वॉलपेपरवर लावायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या रविवारी बाबांना ताम्हिणीत नेलं. चढावर मी सवयीने गिअर बदलायला हात नेला, तर बाबा म्हणाले, "थर्डलाच ठेव. मस्त खेचतेय."

मायलेजचं मात्र त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.