एकच टायर

आमच्या घरात वस्तू बदलण्याचा एक पक्का नियम आहे. जेवढं मोडलं तेवढंच बदलायचं. चपलेचा अंगठा तुटला तर अंगठा, कुकरची रिंग गेली तर रिंग, आणि पावसाआधी घर शाकारताना फुटलेलं कौल तेवढं. कोकणातल्या बहुतेक घरांत हेच चालत असणार. उलट एकासाठी चार चांगल्या वस्तू टाकणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे जरा संशयानेच बघतात :-)

तर या नियमाप्रमाणे गेल्या एप्रिलमध्ये बाबांच्या स्विफ्टचा पुढचा उजवा टायर बदलला गेला. हातखंब्याच्या अलीकडे एका डायव्हर्शनवर काँक्रीटची उभी धार टायरच्या बाजूला लागली आणि चीर गेली. नक्षीत खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं, पण बाजूला चीर गेली की ठिगळ चालत नाही. बाबांनी एक नवा टायर घेतला. माप तेच, १६५/८० आर १४. कंपनी मात्र वेगळी, कारण दुकानात त्या दिवशी तीच होती. बाकीचे तीन टायर चांगले झिजलेले, पण 'अजून चालतील' या वर्गातले.

मे महिन्यात मी रत्नागिरीला गेले तेव्हा साळवी स्टॉपपासून हातखंब्यापर्यंत गाडी मी चालवली. गाडी डावीकडे ओढत होती. फार नाही, पण स्टिअरिंग जरा सैल सोडलं की हळूच कडेकडे निघायची. बाबांना म्हटलं तर म्हणाले, "अगं, रस्त्याला ढाळ असतो. पावसाचं पाणी जायला नको?" आता हेही खोटं नाही. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूने जाणारी गाडी थोडीफार डावीकडे झुकतेच.

परत येताना बाबा चालवायला बसले आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सतत किंचित उजवीकडे धरलेलं. त्यांना पत्ताही नव्हता! महिनाभरात हातांनी परस्पर तोडगा काढून टाकला होता.

एरवी मी विषय सोडून दिला असता. पण आईच्या डोळ्यांसाठी दोघं महिन्यातून एकदा कोल्हापूरला जातात. म्हणजे पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. गाडी पंच्याहत्तरीचे बाबा चालवणार, आणि पुढ्यात जून. ज्यांनी आंबा घाट भर पावसात पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. कोरड्या रस्त्यावर हात सांभाळून घेतात. ओल्या उतारावर अचानक ब्रेक दाबावा लागला तर हातांना तेवढा वेळ कोण देणार?

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी चारही चाकांतली हवा सारखी केली. मग पुढची दोन चाकं काढून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं. (ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो त्यांना ही अदलाबदल चालत नाही, हे त्यानेच सांगितलं.) "काका, एक चक्कर मारून या."

गाडी उजवीकडे ओढायला लागली! ढाळ काही रातोरात बदलत नाही. चाकांबरोबर ओढीची बाजू बदलली, म्हणजे दोष टायरांच्या जोडीत. बदलली नसती तर अलाइनमेंट किंवा ब्रेक बघावे लागले असते.

घरी येऊन मी कागदावर हिशोब मांडला. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, जुन्याची मोजली तर ३. म्हणजे त्रिज्येत ५ मिलिमीटरचा आणि घेरात सुमारे ३१ मिलिमीटरचा फरक. लहान चाकाला त्याच अंतरासाठी किलोमीटरमागे आठेक फेरे जास्त घ्यावे लागतात. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मग सरळ रस्त्यावरही राबत राहतो, आणि गाडी बहुधा लहान चाकाच्या बाजूला कलते. त्यात कंपनी वेगळी, म्हणजे रबर आणि आतली बांधणीही वेगळी.

बाबांचा पुढचा प्रस्ताव तयारच होता. "मग जोडीला स्टेपनी लावू."

स्टेपनी या शब्दाची एक गंमत आहे. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. १९०४ च्या सुमारास त्यांनी मोटारीसाठी जादा चाक काढलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. तिकडे लोक तो शब्द विसरले, आपण अजून डिकीत घेऊन फिरतो.

तर आमची स्टेपनी काढली. नक्षी नवीकोरी. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. आमच्या स्टेपनीवर होतं २२१६, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. नीट बघितलं तर रबराला बारीक भेगा. न वापरताही रबर म्हातारं होतंच. तेव्हा तीही बाद.

शेवटी नव्याच्या जोडीला त्याच कंपनीचा आणखी एक घेतला. मेकॅनिकने दोन्ही नवे मागे लावले आणि पुढे जुन्यांतले दोन सारखे. यावर बाबा पुन्हा अडले. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मग नवे पुढे नकोत? त्याचं उत्तर मला पटलं. पाण्यावर पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं लागतं, आपल्याला कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची घसरली तर गाडीची शेपटीच फिरते, आणि घाटाच्या वळणावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कौलासारखंच. दुसऱ्या छापाचं कौल खाचेत बसत नाही, आणि मग तिथेच गळतं." एवढं सोपं मला दिवसभरात सुचलं नव्हतं.

गाडी आता सरळ जाते. गंमत म्हणजे पहिले काही दिवस बाबांची तक्रार होती की ती उजवीकडे जाते! हातांना जुनी सवय. ती सुटायला आठवडा लागला, आणि मगच मी पुण्याला परतले.

पावसाआधी तुम्हीही एकदा टायर बघून घ्या. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्याने कारला त्याखाली चालत नाही. कोकणातल्या पावसाला तर त्याच्या बऱ्याच आधी बदलावेत. आणि घरातलं वडीलधारं माणूस गाडी चालवत असेल तर शेजारी बसून जरा त्यांच्या हातांकडेही बघा.

असो. जुन्यांतला उरलेला एक टायर बाबांनी टाकलेला नाही. तो मागीलदारी विहिरीशेजारी ठेवला आहे, अबोलीसाठी.