चहातली साखर आणि डब्यातली बर्फी

माझं मंगरूळपीरला कृषी सेवा केंद्र आहे. काम बसून करायचं. गिऱ्हाईक आलं की चहा, कंपनीचा माणूस आला की चहा, आणि कोणी जुनी उधारी द्यायला आला तर मी स्वतःहून चहा सांगतो. मृगाच्या तोंडावर सोयाबीनचं बियाणं सुरू झालं की दुपारचं जेवण चार वाजता होतं, पण चहा एकही चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वाशीमला तपासणी केली. वजन ८६ किलो, उंची साडेपाच फूट, कंबर १०२ सेंटीमीटर. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.१. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मधुमेह झालेला नाही, पण तो दारात उभा आहे. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. औषध दिलं नाही. वजन उतरवा आणि गोड बंद करा, एवढंच म्हणाले.

वजन उतरवायला मी तयार होतो. गोडाचं कठीण होतं. आमच्या घरी जेवणाचा शेवट गोडाने होतो, मग ती गुळाची डली का असेना. ते नसलं की मी अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात डबे उघडून पाहतो. त्यामुळे गोड सोडण्याऐवजी हिशेबात धरावं न लागणारं गोड कुठे मिळतं, त्याचा शोध सुरू केला.

पहिली सापडली शुगर-फ्री काजूकतली. अकोल्याला माल आणायला जातो तिथल्या एका दुकानात काचेमागे वेगळा ट्रे असतो. दर साध्या कतलीपेक्षा बराच चढा. महाग आहे म्हणजे गुणाची असणार, असं वाटलं. रात्री जेवणानंतर दोन तुकडे, कधी चार. शुगर-फ्री आहे म्हटल्यावर हात आखडत नाही. महिनाभराने काटा पाहिला तर वजन होतं तिथेच, उलट थोडं वर.

मुलगी अमरावतीला फार्मसी शिकते. सुटीत आली तेव्हा तिने डबा उलटा करून पाहिला आणि कागद-पेन घेऊन बसली. "बाबा, १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी असतात. १०० ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर. यांनी साखर काढली आणि तिच्या जागी काय घातलं? काजूच ना?" म्हणजे वजनाला वजन धरलं तर ही बिनसाखरेची कतली साध्या कतलीपेक्षा जड पडत असणार. खव्याच्या बर्फीचंही तसंच. साखर गेली तरी खव्यातलं तूप कुठे जात नाही, आणि तुपाचा एक ग्रॅम म्हणजे नऊ कॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त.

तिनेच सांगितलं की 'शुगर-फ्री' हे लेबल फक्त साखरेबद्दल बोलतं. 'लो कॅलरी' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅम घट्ट पदार्थात ४० कॅलरीपेक्षा जास्त चालत नाही. खव्याची बर्फी त्या मापात बसूच शकत नाही. खजुराचे लाडू, गुळाची चिक्की, मध घातलेलं काहीबाही, सगळ्याचा तिने हिशेब केला. गूळ साखरेच्याच जवळपास. खजुरात तंतू असतात हे बरं, पण १०० ग्रॅमला पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आहेतच. आमच्या आईला गुळाचा निकाल पटला नाही. अजूनही पटलेला नाही.

मग शुगर-फ्री चॉकलेट. हे अकोल्याहून परत येताना एसटीत खाल्लं. बार्शीटाकळी ओलांडली आणि पोटात ढवळायला लागलं. मंगरूळपीर येईपर्यंत माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं, घड्याळाकडे होतं. घरी आल्यावर वेष्टन नीट वाचलं. साखरेऐवजी माल्टिटॉल होतं. ते साखरेसारखंच गोड लागतं, कॅलरी जवळपास निम्म्या, पण पोटात पूर्ण शोषलं जात नाही आणि जास्त झालं की जुलाब होतात. बारीक अक्षरात तशी सूचनाही छापलेली होती. मी अर्धी वडी एका बैठकीत संपवली होती. ज्यांना खायचंच आहे त्यांनी आधी एक चौकोन खाऊन पाहावा, आणि तोही घरी असताना.

तिसरा प्रयोग गोळ्यांचा. चहात टाकायच्या गोडीच्या गोळ्या आणल्या. चहात ठीक लागल्या. त्या भरात बायकोने शेवयांच्या खिरीत साखरेऐवजी त्याच गोळ्या टाकल्या आणि खीर नेहमीसारखी उकळली. खीर अगोड झाली. आणखी टाकल्या, तरी तेच. गोळ्या अ‍ॅस्पार्टेमच्या होत्या, आणि अ‍ॅस्पार्टेमची गोडी उकळल्यावर उतरते. ते घालायचंच तर पदार्थ खाली उतरवून, कोमट झाल्यावर. सुक्रालोज उष्णतेला त्यापेक्षा बरं टिकतं. घरात ती खीर कोणीच संपवली नाही, शेवटी मीच खाल्ली.

गोळ्या मी पुढे हळूहळू बंद केल्या. एक कारण मुलीने दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नका, लांबच्या मुदतीत तिचा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. दुसरं कारण माझं स्वतःचं. गोळीने जिभेची गोडाची सवय आहे तशीच राहायची. चहा गोडच लागायचा आणि मग सोबत बिस्किट हवंच वाटायचं.

खरा चोर सापडला तो चहाच्या हिशेबात. आमच्या चौकातल्या चहात दोन चमचे साखर असतेच, दहा ग्रॅम धरा, म्हणजे ४० कॅलरी. दिवसाला सात कप सहज व्हायचे. सत्तर ग्रॅम साखर, २८० कॅलरी, दूध वेगळं. वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ च्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मी काजूकतलीच्या तुकड्यावर डोकं लावत होतो आणि इकडे पोळ्याच्या जेवणाएवढी साखर रोज कपातून पीत होतो. तीही चव न घेता, पावत्या फाडता फाडता.

त्याच सुमारास दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहाराचं सांगितलं. नाव आधीच ऐकलेलं होतं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची मूळ कल्पना, दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर पोहोचवली: कडक भुकेच्या दोनच वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधल्या वेळात काही नाही. आमच्याकडे घरटी एकाने तरी हे करून पाहिलेलं आहे. मला पूर्ण जमलं नाही. हंगामात जेवणाची वेळच माझ्या हातात नसते. पण त्यातली एक गोष्ट मी धरून ठेवली: गोड खायचं ते जेवणातच खायचं. जेवण झालं की गोडही संपलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते.

चहाची साखर एकदम सोडली नाही. आधी दीड चमचा, मग एक, मग अर्धा, प्रत्येक टप्प्यावर एक-दोन आठवडे. चहावाल्याला त्रास झाला. "भाऊ, एका कपासाठी वेगळं पातेलं ठेवू काय?" असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. त्यांच्याकडे साखर पातेल्यातच पडते. शेवटी मी दुकानात छोटी विजेची किटली ठेवली. माझा काळा चहा मीच करतो, लिंबू पिळून. बाकीच्यांना चौकातला येतो. पहिले काही दिवस डोकं जड वाटायचं आणि मी नोकरावर चिडायचो. तो अजून आठवण काढतो.

आता जे खरंच चाललं ते सांगतो.

सगळ्यात चाललं ते संत्रं आणि चक्का. आमच्या तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं फेब्रुवारीपासून. दही गाईच्या दुधाचं लावायचं, साय काढून. फडक्यात तीन-चार तास टांगायचं. संत्र्याच्या फोडी साल-बिया काढून त्यात घालायच्या, वेलची, आणि चौघांच्या वाटणीला मिळून एक मोठा चमचा साखर. फोडी अगदी खायच्या वेळी घाला, आधी घातल्या तर पाणी सुटतं आणि कडवट होतं. श्रीखंडात साखर गोडीपुरती असते. घट्टपणा चक्क्याचा असतो, म्हणून ती कमी करता येते. पेढ्या-बर्फीत साखर काढली की पदार्थच बसत नाही, मग तिथे काजू-खवा वाढवतात. हे लक्षात आल्यावर आम्ही बर्फीचा नाद सोडला आणि वाटीत खायच्या गोडाकडे वळलो.

दुसरी बासुंदी. आमच्याकडे दूध गवळ्याकडून येतं, म्हशीचं. ते तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी जाड साय काढायची, पुन्हा तापवून पुन्हा काढायची. उरलेलं दूध मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवलं की दुधाची स्वतःची गोडी वर येते. लिटरभर दुधाला दोन चमचे साखर पुरते. तळाला लागू द्यायचं नाही. यात एक भानगड आहे: काढलेल्या सायीचं बायको तूप करते, आणि ते तूप घरातच राहतं.

कोहळ्याची बोंडं मला फार आवडतात, पण ती तेल पितात. आता कोहळं किसून थोड्या पाण्यात वाफवतो, दूध घालून आटवतो, लिंबाएवढा गूळ. बोंडांची सर त्याला नाही. गरम गरम खाल्लं तर बरं लागतं, गार झालं की खाववत नाही.

सीताफळाच्या दिवसांत एक मध्यम फळ, जेवणातच. त्याच्याही १०० ग्रॅम गरात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे फळ आहे म्हणून टोपलीसमोर बसायचं नाही. आमरसात वरून साखर बंद केली आणि रसासोबतच्या पोळ्या दोनावर आणल्या.

सणांचं आईशी बोलून ठरवावं लागलं. होळीला मी पुरणपोळी नको म्हणालो तर ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "काहून रे, सणाचा घासही सोडला काय?" वऱ्हाडात पुरणपोळीवर तूप घेत नाहीत, तुपाच्या वाटीत पोळी बुडवतात. मुलीने ती वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: ५० ग्रॅम तूप, म्हणजे साडेचारशे कॅलरी. पोळी त्यापुढे काहीच नव्हती. तेव्हापासून माझ्या ताटात वाटी नसते, पोळीवर एक चमचा तूप असतं. पोळी पूर्ण एक, तीही पुरण भरपूर असलेली. सोबत कटाची आमटी दोन वाट्या, त्याने पोट भरतं. महालक्ष्म्यांच्या जेवणालाही हेच केलं. आई पुरणाला हात लावू देत नाही, आणि मीही आता त्यात गोळ्या-बिळ्या घालायचं म्हणत नाही. सणाचं पुरण जसं आहे तसंच खावं, कमी खावं.

हे सगळं सरळ झालं नाही. पेरणीच्या महिन्यात वजन दीड किलो परत आलं, कारण जेवण हुकलं की मी फरसाण खायचो. लग्नसराईत आणखी अर्धा. सकाळी चालणं सुरू केलं ते पावसाळ्यानंतर, मानोऱ्याच्या रस्त्याने, आणि कंबर उतरली ती बहुतेक त्यानंतरच. नुसत्या गोडाच्या हिशेबाने एवढा फरक पडला असता असं मला वाटत नाही.

मागच्या तपासणीत वजन ७९ भरलं, कंबर ९५, एचबीएवनसी ५.७. म्हणजे उंबरठ्यावरून अजून पुरता मागे आलेलो नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. गोड बंद केलं का, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दिवाळीला कंपन्यांकडून येणारे मिठाईचे डबे आता दुकानातच फोडतो आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकांत वाटून टाकतो. घरी नेला की रात्री तो आठवतो. पंगतीचं मात्र वेगळं आहे. बुफे असेल तर सोपं, गोडाच्या टेबलाकडे जायचंच नाही. खेड्यावरच्या लग्नात बुंदी वाढणारा नात्यातलाच असतो आणि आडवा हात त्याला दिसत नाही. तिथे पहिली वाढलेली बुंदी शेवटपर्यंत पानावर तशीच राहू द्यायची. ती दिसली की वाढपी पुढच्या पानाकडे सरकतो. वरण-भात झाल्यावर दोन चमचे खायची आणि उठायचं.