ट्रिगरच्या आधी

मंडळी, या वीकेंडचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण शेवटपर्यंत थांबा. विषय आहे ट्रिगर, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राला 'आता लिहायला लाग' असं सांगणारा सिग्नल.

आमच्या देवगाव रंगारीला (तालुका कन्नड) ट्रिगर म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. रात्री-अपरात्री लाइट आली की तो तिन्ही फेज नीट आहेत का ते बघतो, थोडा थांबतो आणि मग मोटर सुरू करतो. त्या थांबण्यात जातं काय, तर थोडंसं पाणी. ते नंतर भरून निघतं.

मोजमापात मात्र गेलेला क्षण भरून निघत नाही.

कोयनेचंच घ्या. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. १०३ मीटर उंच धरणाच्या गॅलरीत एक ॲक्सेलरोग्राफ होता. तेव्हाची ही यंत्रं एरवी झोपलेली असायची (सतत फोटोचा कागद पळवणं परवडणार कसं?). हादरा बसला की संपर्क जुळायचा, मोटर फिरायची, कागदावर प्रकाशाची रेघ उमटायची. त्या पहाटे यंत्र जागं झालं, म्हणून कळलं की हिसका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता. धरणाच्या आराखड्यात गुणांक धरला होता ०.०५! धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. काँक्रीट धरणांचं गणित तपासायला ती नोंद आजही जगभर वापरतात. अबॅकस सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतसुद्धा कोयना आहे.

हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पण मशीन उठेपर्यंत धक्का सुरू झालेला असतो की रे!"

अगदी बरोबर. जागं होण्यात गेलेला तेवढा तुकडा कागदावर कधीच येत नसे.

डिजिटल यंत्रांनी यावर साधा उपाय काढला: झोपायचंच नाही. यंत्र सतत मोजतं, आकडे एका गोल मेमरीत टाकतं आणि जागा भरली की सगळ्यात जुने पुसतं. ट्रिगर आला की मागचे काही सेकंदही फायलीत जातात. ट्रिगर कधी द्यायचा? ताज्या हालचालीची सरासरी बराच वेळच्या सरासरीच्या काही पट झाली की. म्हणजे नेहमीच्या वर्दळीची यंत्राला सवय होते.

ऑफिसात मी टेस्ट बेंचचं सॉफ्टवेअर लिहितो. दर प्रोजेक्टला कुणीतरी म्हणतंच, "प्री-ट्रिगर काढा, मेमरी वाचेल." हिशोब करू. तीन चॅनल, सेकंदाला २०० आकडे, २० सेकंद: १२,००० आकडे. दोन बाइटप्रमाणे २४ केबी. मोबाइलवरचा एक फोटो याच्या कितीतरी पट असतो हो!

बेअरिंग तुटल्यावर आलेला ट्रिगर फक्त तुटल्याचं सांगतो. का तुटलं, ते त्याच्या आधीच्या सेकंदांत असतं. म्हणून त्या २४ केबींसाठी मी दर मीटिंगमध्ये भांडतो, आणि यापुढेही भांडणार.