खिडकीपलीकडची उडी

उली एडेल यांचा ‘डेर बाडर माइनहोफ कॉम्प्लेक्स’ (२००८) हा जर्मन चित्रपट पाहून बरेच दिवस लोटले. परंतु त्यातील एक उघडी खिडकी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. १४ मे १९७०. पश्चिम बर्लिनमधील एका संस्थेच्या वाचनालयात पत्रकार उलरिके माइनहोफ बसली आहे. ग्रंथलेखनाच्या निमित्ताने तुरुंगातून तेथे आणलेल्या आंद्रेआस बाडरला त्याचे साथीदार सोडवून नेतात. संस्थेचा एक कर्मचारी गोळी लागून कोसळतो. उलरिकेने मागे राहून अजाणतेपणाचे सोंग करावे, असा बेत होता. ती क्षणभर थबकते, खिडकीकडे पाहते आणि उडी घेते. सात वर्षांच्या जुळ्या मुलींची ही आई!

या तरुणांचा संताप निराधार नव्हता. नाझी राजवटीत मिरवलेली माणसे युद्धानंतरही पदांवर होती. २ जून १९६७ रोजी इराणच्या शहाविरुद्धच्या निदर्शनांत बेनो ओनेसोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला आणि तो पोलीस निर्दोष सुटला. पुढल्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या दोन मोठ्या दुकानांना आग लावण्यात आली. त्यात गुड्रुन एन्सलिन होती, प्रॉटेस्टंट पाळकाची कन्या. तिच्या कृत्याविषयी बोलताना त्या वडिलांच्या स्वरात धिक्कारापेक्षा विस्मय अधिक आहे. मुलीला त्यातून जणू आत्मिक पूर्णता लाभली, असे त्यांना वाटते. आईवडील असलेल्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. मला तर ते बाँबस्फोटांहून भयंकर वाटले.

चित्रपटाचा वेग मात्र मला खुपला. मारणाऱ्यांचे चेहरे, कपडे, मोटारी सारे लक्षात राहते. मरणारे पडद्यावर येतात ते पडण्यापुरतेच. ५ सप्टेंबर १९७७ रोजी कोलोन येथे उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर यांचे अपहरण झाले. श्लायर पूर्वी नाझींच्या एस.एस. दलात अधिकारी होते. म्हणून त्यांच्या हत्येचेही समर्थन करणारे भेटतात. पण त्या सायंकाळी रस्त्यावर जे चौघे ठार झाले, तो मोटारचालक आणि ते तीन पोलीस, त्यांनी कोणाचे काय केले होते?

चित्रपट १९७७ च्या ऑक्टोबरात थांबतो; संघटना त्यानंतरही वीस वर्षे टिकली. तिच्या हातून तीसहून अधिक माणसे मेली. एप्रिल १९९८ मध्ये तिने विसर्जनाचे पत्रक धाडले. त्यात स्वतःच्या मृत साथीदारांची नावे एकाखाली एक लिहिली होती. त्या मोटारचालकाचे नाव त्यात नव्हते.